मधला आकडा

राजाबाजार, गुलमंडी, कुंभारवाडा अशा जुन्या वस्त्यांतील घरांच्या चौकटीवर पत्र्याची एक लहानशी पाटी खिळलेली आढळते. तिच्यावर आडव्या रेघांनी जोडलेले तीन आकडे असतात. वर्षानुवर्षे दारांबरोबर त्या पाटीवरही रंगाचे हात फिरल्यामुळे पुष्कळ ठिकाणी ते बुजून गेले आहेत. मालमत्ता कराच्या पावतीवर आणि विजेच्या बिलावर ते उतरवले जातात. एरवी त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. पाहुण्याला घर सांगताना तर ते कोणाच्याच तोंडी येत नाहीत. ‘संस्थान गणपतीपाशी आलात की कोणालाही नाव विचारा, घरापर्यंत आणून सोडतील,’ एवढे सांगितले की पुरते. आणि खरोखरच कोणीतरी आणून सोडते.

छत्रपती संभाजीनगरच्या याच भागात एका जुन्या घराच्या माडीवर दुपारी तीन वाजता इंग्रजीचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई सेवानिवृत्त शिक्षिका आहेत. दहा-बारा जणी येतात. साडेचारला वर्ग सुटलाच पाहिजे, असा अलिखित नियम आहे. कारण बहुतेकींच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपायची असतात. कोणी मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येते, कोणी दुकानात बसताना अडू नये म्हणून. एक वाणिज्य शाखेची पदवीधर मुलगी आहे. तिला एखाद्या हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरी हवी आहे. वेरूळ आणि अजिंठा पाहायला येणारे परदेशी प्रवासी याच शहरात उतरतात, आणि पाणचक्कीला किंवा मकबऱ्याला कसे जायचे, हे सर्वप्रथम स्वागतकक्षातच विचारतात.

आणि एक काकू आहेत. वय त्रेसष्ट. लेक शिकागोला असते. मागे एकदा काकू तिच्याकडे सहा महिने राहून आल्या. लेक-जावई सकाळी कामावर जात, नातू शाळेत जाई, आणि काकू खिडकीत बसत. खाली रस्ता दिसे, माणसे चालताना दिसत. पण त्या एकदाही एकट्या खाली उतरल्या नाहीत. ‘रस्ता चुकले तर कोणाला काय विचारू?’ हीच एक धास्ती. जिन्याच्या बारा पायऱ्या आणि दाराबाहेरचे जग यांच्यामध्ये तो एक प्रश्न उभा राहिला. परत आल्यावर शेजारणींनी ‘अमेरिका कशी आहे?’ म्हणून विचारले, तेव्हा काकूंनी खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचे वर्णन केले. आता पुन्हा जायचे ठरले होते. वर्गात नाव घालताना त्यांनी बाईंना एवढेच सांगितले, ‘बाई, मला भाषण नाही करायचे. मला खाली उतरून परत घरी यायचे आहे.’

पुस्तकातील सातवा धडा परिसराविषयीचा होता. त्यात एक वाटसरू टपाल कार्यालयाचा रस्ता विचारतो आणि त्याला उत्तर मिळते, ‘गो स्ट्रेट फॉर टू ब्लॉक्स अँड टर्न लेफ्ट.’ बाईंनी वाक्य फळ्यावर लिहिले आणि विचारले, ‘ब्लॉक म्हणजे काय?’

उत्तरांची कमतरता नव्हती. एक म्हणाली, ‘ब्लॉक म्हणजे फ्लॅट. आमच्या आत्यांनी पुण्याला ब्लॉक घेतला होता.’ दुसरीला तालुक्याचा ब्लॉक आणि बीडीओ साहेब आठवले. तिसरीच्या अंगणात नुकतेच पेव्हर ब्लॉक बसवले होते. चौथीच्या सासऱ्यांच्या हृदयात दोन ब्लॉक निघाले होते. पाचवी हळूच म्हणाली, ‘आणि मोबाईलवर नकोसा नंबर करतात तो?’ काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि गंभीरपणे विचारले, ‘मग टपाल कार्यालयाला जाताना दोन फ्लॅट ओलांडायचे का?’ वर्ग हसला, काकूही हसल्या. पण प्रश्न अगदी रास्त होता. शब्द पाच ठिकाणी भेटला होता आणि जिथे हवा होता तिथेच अनोळखी निघाला होता.

बाईंनी खडू ठेवला आणि फरशीवर ठिपक्यांची रांगोळी मांडली. पाच ओळी, प्रत्येकीत पाच ठिपके. मग उभ्या आणि आडव्या सरळ रेघांनी ते जोडले. ‘रेघा म्हणजे रस्ते. ठिपके म्हणजे चौक. आणि रेघांच्या मधली ही रिकामी चौकोनी जागा आहे ना, जिथे घरे असतात, तो ब्लॉक. एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत चालत गेलात की एक ब्लॉक चाललात.’ शब्दकोशाने जे पाच ओळींत सांगितले असते, ते रांगोळीने क्षणात सांगितले.

अमेरिकेतील पुष्कळ शहरे अशीच आखून वसवलेली आहेत. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाची आखणी १८११ साली कागदावर झाली. तिथे उत्तर-दक्षिण चालताना सुमारे वीस ब्लॉकचा एक मैल होतो. शिकागोने १९०९ साली घरांचे क्रमांक नव्याने दिले. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तो शून्याचा चौक मानला. तिथून कोणत्याही दिशेला निघाले की साधारण दर ब्लॉकला क्रमांक शंभराने वाढतात आणि आठ ब्लॉकला एक मैल भरतो. म्हणजे घराचा क्रमांक वाचला की शून्याच्या चौकापासून आपण किती दूर आहोत, ते कळते. ‘म्हणजे मला कोणाला विचारायचीही गरज नाही?’ काकूंनी विचारले. ‘आकडे वाढतात की कमी होतात, एवढे पाहायचे,’ बाई म्हणाल्या. काकूंनी ते वहीत मराठीत लिहून घेतले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

जोधपूरकडून सून होऊन आलेल्या एकीला यात नवल वाटले नाही. तिचे मामा जयपूरला असतात. १७२७ साली वसलेले ते शहरही सरळ रस्त्यांनी आखलेले आहे आणि तिथल्या वस्त्यांना आजही चौकडी म्हणतात. ती चौकडी ब्लॉकपेक्षा कितीतरी मोठी असते, हे खरे. पण रांगोळी तीच. जपानमध्ये तर बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात. तिथे क्रमांक असतात ते रस्त्यांच्या मधल्या त्या रिकाम्या चौकोनांना. म्हणजे गाव कसे सांगायचे, याची प्रत्येक मुलखाची रीत वेगळी असते आणि भाषा त्या रितीला धरून चालते.

मग या शहराची रीत कोणती? १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली, तेव्हापासून या शहराने नावे बदलली, अलीकडे २०२३ साली अधिकृतपणे बदलले. पण वस्त्यांची जुनी नावे टिकून राहिली. मोगलांचे राजपूत सरदार जिथे तळ देऊन राहिले, तिथे पुरे वसले. बिकानेरच्या राजा करणसिंहांचा कर्णपुरा, त्यांच्या पुत्राचा पदमपुरा, मिर्झाराजे जयसिंहांचा जयसिंगपुरा. कुंभारवाड्याने आपला व्यवसाय नावात जपला, शहागंजाने बाजार जपला, आणि पैठण गेट, दिल्ली गेट यांनी रस्ता कुठे जातो ते दरवाजावरच सांगून ठेवले. सत्तरच्या दशकापासून सिडकोने वसवलेला भाग मात्र एन-१, एन-२ असा आकड्यांनी ओळखला जातो. पुस्तकातला ब्लॉक शोधायचाच झाला तर तो थोडाफार तिथे सापडेल. जुन्या शहरात गल्ली आपल्या मर्जीने वळते.

या गल्लीने वर्गाला पुष्कळ दिवस अडवून ठेवले. कोशात तिच्यासाठी ‘ॲली’ हा शब्द होता. काकूंनी लेकीला फोनवर तो ऐकवला. लेक म्हणाली, ‘आई, इथे ॲली म्हणजे घरांच्या मागचा बोळ. तिथे गॅरेज असते आणि कचऱ्याचे डबे ठेवतात.’ काकूंना ते लागले. त्यांच्या गल्लीत तर सगळ्या घरांची पुढची दारे उघडतात, उंबऱ्यांवर रोज रांगोळी असते, संध्याकाळी म्हातारी माणसे ओट्यावर बसतात. शेवटी ‘लेन’ हा शब्द ठरला. ‘समोर’ या शब्दानेही असाच घोळ घातला. मराठीत दुकानासमोर उभा असलेला माणूस आणि रस्त्याच्या पलीकडे समोर असलेले दुकान, दोघांनाही एकच ‘समोर’ चालतो. इंग्रजीत पहिल्याला ‘इन फ्रंट ऑफ’ आणि दुसऱ्याला ‘ॲक्रॉस फ्रॉम’ किंवा ‘ऑपोझिट’ लागते. ‘मंदिराच्या बॅकसाइडला’ हे सगळ्यांच्याच तोंडी बसलेले होते. त्याच्या जागी साधे ‘बिहाइंड’ रुजवायला आठवडा गेला. ‘सिग्नल’ला शिकागोत नुसते ‘लाइट’ म्हणतात आणि फुटपाथला ‘साइडवॉक’, हेही काकूंच्या वहीत उतरले.

मग बाईंनी घरी लिहायला निबंध दिला: ‘माय नेबरहुड’. दुसऱ्या दिवशी अकरा वह्या आल्या. अकराही जणींच्या परिसरात एक सुंदर बाग होती, एक सुपरमार्केट होते, रुंद आणि स्वच्छ रस्ते होते, आणि शेजारी फार प्रेमळ होते. त्यांतला सर्वांत निर्दोष निबंध त्या पदवीधर मुलीचा होता. व्याकरणाची एकही चूक नव्हती. बाईंनी तो दोनदा वाचला आणि विचारले, ‘ही बाग कुठे आहे ग?’

मुलगी गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बाई, मुलाखतीत सांगायचे आहे. आमची गल्ली सांगितली तर काय वाटेल त्यांना?’

वर्ग शांत झाला, कारण प्रत्येकीने आपल्या वहीत तेच केले होते. परकी भाषा बोलायची म्हणजे परके घर सांगायचे, अशी समजूत नकळत झालेली होती. इंग्रजीत आपली गल्ली आणायला सगळ्यांनाच संकोच वाटत होता. जणू ती भाषा कोऱ्या करकरीत कॉलनीतल्या लोकांसाठीच बनली होती. खोटे कोणालाच बोलायचे नव्हते. पण जे लिहिले होते, ते खरे नव्हते.

बाईंनी निबंध खोडले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक नवा नियम लिहिला: ‘तीनच वाक्ये लिहा. पण अशी लिहा की ती या शहरात दुसऱ्या कोणालाही लिहिता येऊ नयेत.’

या वेळी वह्या यायला तीन दिवस लागले. वाक्ये मोडकीतोडकी होती, पण प्रत्येक वहीतून वेगळी गल्ली दिसत होती. एकीच्या घराच्या भिंतीवर दुपारी बरोबर चार वाजता शेजारच्या मशिदीच्या मिनाराची सावली येत होती. एकीच्या माळवदावरून पलीकडच्या माळवदावर पापड वाळत घालता येत होते. पदवीधर मुलीने लिहिले होते: ‘अवर लेन इज टू नॅरो फॉर अ कार. द मिल्कमन लीव्हज हिज सायकल ॲट द कॉर्नर अँड वॉक्स. व्हेन समबडी इज इल, फोर नेबर्स कॅरी द पेशंट टू द मेन रोड.’

बाईंनी ती वाक्ये मोठ्याने वाचली. तिसऱ्या वाक्यानंतर त्या क्षणभर थांबल्या. ‘नेबरहुड’ या शब्दात आधी ‘नेबर’ असतो, हे अनेकदा सांगूनही जे पोचले नव्हते, ते त्या एका वाक्याने पोचवले. मराठीत ‘शेजार’ म्हटले की माणसेच डोळ्यांपुढे येतात. जागा त्यांच्यामागून येते. चार माणसे उचलून नेतात, तो शेजार. बाग असली-नसली तरी चालते.

पुढचा धडा रस्ता सांगण्याचा. एकीने बोलायचे आणि दुसरीने तिच्याकडे पाठ करून कागदावर ती वाट काढायची, असा खेळ बाईंनी लावला. दोन मिनिटांत भांडण सुरू झाले. ‘मी डावीकडे सांगितले होते!’ ‘मी डावीकडेच वळले!’ दोघीही खऱ्या होत्या. सांगणारी गुलमंडीहून येत असल्याचे मनात धरून बोलत होती, ऐकणारी पैठण गेटहून येत होती. एकीचे डावे ते दुसरीचे उजवे. बाई म्हणाल्या, ‘घराघरांत अनेकांताचे नाव घेतले जाते. तो इथे पाहा. रस्ता सांगायचा असेल तर आधी समोरचा माणूस कुठे उभा आहे, ते विचारा. मग त्याच्या जागी मनाने उभे राहा. मगच डावे-उजवे बोला.’ तेव्हापासून वर्गात रस्ता सांगण्याची सुरुवात एका प्रश्नाने होऊ लागली: ‘व्हेअर आर यू नाऊ?’ इंग्रजीच्या कोणत्याही नियमापेक्षा हा प्रश्न अधिक कामाचा ठरला.

एका दुपारी वर्ग रस्त्यावर भरला. गुलमंडीवरच्या सुपारी हनुमानापासून टिळक पथाने पैठण गेटपर्यंत सगळ्या जणी चालत गेल्या. नियम एकच, वाटेत जे दिसेल ते इंग्रजीत सांगायचे. कापडाची दुकाने, भांड्यांची दुकाने, ‘नेक्स्ट टु’, ‘बिट्वीन’, ‘ॲट द कॉर्नर’. दुकानदार कौतुकाने पाहत होते. एका हातगाडीवाल्याने विचारले, ‘ताई, कुठून आलात?’ पदवीधर मुलगी उत्तरली, ‘पलीकडच्याच गल्लीतून,’ आणि मग हसून तेच वाक्य इंग्रजीत म्हणाली. त्या उच्चारात संकोच नव्हता. काकूंनी मात्र सारा वेळ चौक मोजले.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात काकूंना एका अर्जावर आपला पत्ता इंग्रजीत लिहायचा होता. त्या मालमत्ता कराची पावती घेऊन वर्गात आल्या. पावतीवर तेच तीन आकडे होते, आडव्या रेघांनी जोडलेले. ‘बाई, हे तीन वेगवेगळे आकडे कशाचे?’ पदवीधर मुलीने विचारले. वर्गातील प्रत्येकीच्या दारावर ते होते आणि आजवर कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

हे शहर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. हैदराबादच्या जुन्या घर-क्रमांकांत पहिला आकडा वॉर्डाचा असतो, तिसरा घराचा. ‘आणि मधला?’ काकूंनी विचारले.

‘मधला ब्लॉकचा,’ बाई म्हणाल्या. ‘आपल्या दारांवर दिसते ती त्याच धाटणीची पाटी.’

काकूंनी पावती डोळ्यांजवळ नेली. ज्या शब्दासाठी फरशीवर रांगोळी काढावी लागली, ज्याच्यापायी दोन फ्लॅट ओलांडण्याचा प्रश्न पडला, तो शब्द सासरी आल्यापासून त्यांच्या स्वतःच्या चौकटीवर मधोमध बसलेला होता. त्याच्याखालून त्या रोज ये-जा करत होत्या. त्या दिवशी घरी गेल्यावर काकूंनी ओल्या फडक्याने पाटी पुसली. रंग निघाला नाही. पण तिरप्या उन्हात मधला आकडा तेवढा वाचता आला.

काकू गेल्या. हिवाळ्याचे दिवस होते. डिसेंबरात शिकागोला साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या माणसाला दिवस फारच आखूड होतो. लेकीने सांगितले होते, बर्फ नसेल त्या दिवशीच खाली उतर, आणि उजेड असेपर्यंत परत ये. महिनाभराने वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर काकूंचा बोललेला निरोप आला. बाईंनी तो सगळ्यांना ऐकवला.

पहिल्या दिवशी काकू एक ब्लॉक जाऊन परत आल्या. दुसऱ्या दिवशी दोन. घरांवरचे आकडे मोजत, येताना तेच आकडे उलटे वाचत. चौथ्या-पाचव्या दिवशी तिसऱ्या चौकात एक वयस्कर बाई हातात चिठ्ठी घेऊन उभी होती. तीही परक्या मुलखातली असावी; इंग्रजी तिचेही अडखळत होते. तिने काकूंना दवाखान्याचा रस्ता विचारला. रोज त्या दवाखान्यावरूनच काकू जात असत.

‘मी आधी विचारले, व्हेअर आर यू कमिंग फ्रॉम?’ निरोपात काकूंचा आवाज सांगत होता. ‘मग तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ती पाहत होती तिकडेच तोंड केले. आणि म्हटले, गो स्ट्रेट. टू ब्लॉक्स. इट इज ॲट द कॉर्नर, ॲक्रॉस फ्रॉम द स्कूल. तिला कळले, बाई! ती बरोबर गेली. मी वळणापर्यंत पाहत उभी होते.’

निरोप संपला. वर्गात कोणीतरी ‘पुन्हा लावा’ म्हणाले, आणि बाईंनी तो पुन्हा लावला. मग घड्याळात साडेचार वाजले आणि सगळ्या जणी आपापल्या गल्लीकडे निघाल्या.